डोंगराची पावती

रास अल खैमाच्या उत्तरेला
रस्ता समुद्राला खेटून जातो, तिथे
मी डोंगर तोलतो.
म्हणजे तोलतो ट्रकच.
रिकामा जाताना एकदा, भरून येताना एकदा.
भरल्यातून रिकामा वजा केला
की उरतो तो डोंगर.

आजचा पहिला : एकोणतीस टन चारशे.
चालवणारा गुलाबशेर, डोक्याला ओला पंचा,
पावती दातांत धरतो आणि धक्क्याकडे वळतो.
धक्क्याला बार्ज. बार्जच्या पुढे पाणी.
त्या पाण्यात कुठेतरी एक बेट होतंय म्हणे,
माझ्या भिंतीवरच्या नकाशात नसलेलं,
त्याच्या कडेला हा बसवणार,
दाराला उंबरठा बसवतात तसा.

गंमत म्हणजे हा आलाच होता पाण्यातून.
कपारीत शिंपले सापडतात, करंगळीच्या नखाएवढे,
दगडच झालेले.
एक मी स्टेपलरशेजारी ठेवलाय,
कागद उडू नयेत म्हणून.

कागद हल्ली जास्त उडतात.
कड्याचा मधला दात पडला, त्या फटीतून
दुपारी एक नवा वारा येतो.
त्याला अजून नाव नाही.
उबैदच्या शेळ्या त्याच्याकडे पाठ करून बसतात.

आणि ऊन.
माझ्या पहिल्या डिसेंबरात ते टेबलावर यायचं
आठ वाजून दहा मिनिटांनी.
या डिसेंबरात सात एक्केचाळीस.
सात वर्षांत एकोणतीस मिनिटं सावली
कुठल्या ट्रकमधून गेली,
मी सगळ्या वह्या पाहिल्या,
नोंद नाही.

उबैद म्हणतो, पाणीसुद्धा आता
त्याच्या विहिरीला वळसा घालून उतरतं.
वादी म्हणजे इथली कोरडी नदी.
पहिले सहा महिने मी 'वाडी'च म्हणायचो
आणि त्यानं कधी दुरुस्त केलं नाही.
माझी वाडी देवरुखच्या अलीकडे, जांभ्याच्या सड्यावर.
त्याची वादी या दोन कड्यांमधली.
फरक एका अक्षराचा.
आणि पाण्याचा.

मागच्या गुरुवारी तो पिकअप घेऊन आला.
मागे दगड, हातानं घडवलेले, काळवंडलेले,
आणि घोंगडीत गुंडाळलेला एक माठ, काठ फुटलेला.
वरचं घर त्यानं उतरवलं होतं.
बैत अल कुफ्ल, कुलपाचं घर,
कुफ्ल म्हणजे आपलं कुलूपच.
अर्धं जमिनीत, दार मांडीएवढं,
माठ दारापेक्षा मोठे :
आधी माठ ठेवायचे, मग भोवती भिंती रचायच्या.
माठ बाहेर काढायचा तर घर मोडावंच लागतं.
तसं मोडलं.

रस्ता एकच, तो माझ्या काट्यावरून.
"पावती दे," म्हणाला.
"मुलगा शारजात असतो, कागद पाहिल्याशिवाय त्याला काही पटत नाही."

दोन टन एकशे चाळीस.
'माल' या रकान्यात मी टाइप केलं : घर.
अमान्य, असं लाल अक्षरांत आलं.
पुन्हा टाकलं. पुन्हा अमान्य.
यंत्राला तीनच शब्द येतात :
मोठा दगड, खडी, भुकटी.
मागे गुलाबशेर हॉर्न देत होता, त्याच्या मागे आणखी अकरा.
मी 'मोठा दगड' निवडलं.
उबैदनं पावती उलटीसुलटी पाहिली,
नीट घडी करून छातीच्या खिशात ठेवली,
मला विचारलं, "बरोबर लिहिलंस ना?"
मी हो म्हणालो.

संध्याकाळी गेट बंद झाल्यावर
मी स्वतः काट्यावर उभा राहिलो.
तो वीस-वीस किलोच्या पायऱ्यांनी मोजतो.
आधी ऐंशी दाखवलं, पाय हलवला तर साठ,
मग पुन्हा ऐंशी.
बराच वेळ त्याचं ठरेना.
समोर कडा होता, वरून चपटा, गुलाबी,
त्याच्या फटीतून एक चांदणी दिसत होती
जी माझ्या जागेवरून
पूर्वी दिसायची नाही.